स्वादुपिंडाची लेखमाला, भाग सहावा : दुखणं नेमकं कधी सुरू झालं?

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की स्वादुपिंड स्वतःच्या पोटात सुऱ्या म्यान करून ठेवतं. प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन तिथं निद्रिस्त रूपात तयार होतं आणि आतड्यात पोचल्यावरच जागं होतं. ते ग्रंथीतच जागं झालं तर ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते, असं प्रागच्या हान्स कियारी यांनी १८९६ साली मांडलं. कियारींनी शवविच्छेदनाच्या टेबलावर पाहिलं होतं ते विझलेल्या आगीचं घर. ठिणगी कुठं पडली हे राखेवरून सांगता येत नाही, आणि जिवंत रुग्णातही ते पाहता येत नाही, कारण दाह पेटलेला असताना स्वादुपिंडाचा तुकडा काढणं धोक्याचं असतं. म्हणून या आजाराच्या पहिल्या काही तासांबद्दल आपल्याला जे कळलं ते बहुतेक प्राण्यांकडून कळलं. या ज्ञानावर किती विसंबायचं, हा आजचा विषय आहे. माझं म्हणणं असं की प्राण्यांतले प्रयोग सुरुवातीबद्दल खरं बोलतात, उपचारांबद्दल मात्र वारंवार चकवतात. त्याचं मोठं कारण माणूस आणि उंदीर यांच्यातला फरक नसून घड्याळ आहे.

सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रयोग जवळून पाहू. छोट्या उंदरांना रात्रभर उपाशी ठेवतात. सकाळपासून दर तासाला पोटात सेरुलिनचं एक इंजेक्शन, अशी सात ते दहा इंजेक्शनं. मात्रा किलोला ५० मायक्रोग्रॅम. सेरुलिन मुळात ऑस्ट्रेलियातल्या एका हिरव्या झाडबेडकाच्या कातडीत सापडलं. जेवणानंतर स्वादुपिंडाला रस सोडायला सांगणाऱ्या आपल्या संप्रेरकाची ते नक्कल करतं. मात्रा गरजेपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे पेशी गोंधळतात, रस बाहेर सोडायचं थांबवतात आणि तो आतच साठू लागतो. पहिल्या तासाभरातच पेशींच्या आत ट्रिप्सिन जागं झालेलं मोजता येतं. संध्याकाळपर्यंत ग्रंथी पाण्याने फुगून येते, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत पोकळ्या दिसतात, रक्तातलं अमायलेज हे स्वादुपिंडाचं विकर कित्येक पट चढतं. आठवडाभरात उंदीर बहुधा बरा होतो. लँपेल आणि केर्न यांनी १९७७ मध्ये मोठ्या उंदरांत ही पद्धत वर्णिली आणि आज जगभर तीच चालते. तिच्यामुळे एरवी विचारताच न येणारे प्रश्न विचारता आले. २००० साली हालांग्क आणि सहकाऱ्यांनी कॅथेप्सिन बी हे विकर नसलेले उंदीर घेतले. त्यांच्यात जागं झालेलं ट्रिप्सिन ऐंशी टक्क्यांहून अधिक घटलं आणि पेशींची हानी सुमारे निम्म्यावर आली. सुरी म्यानातून कोण उपसतं याचं एक उत्तर मिळालं. पुढे २०११ मध्ये अमेरिकेत राजिंदर दावरा आणि अशोक सलुजा यांच्या गटाने ट्रिप्सिनचं पूर्वरूपच काढून टाकलेले उंदीर वापरले. पेशींचा नाश निम्म्याने कमी झाला, पण दाह मात्र जवळपास तेवढाच राहिला! म्हणजे कियारींची गोष्ट अर्धीच खरी. पेशी मरणं आणि दाह भडकणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. हे माणसात कधीच कळलं नसतं.

आता दुसरी बाजू. नेदरलँड्समध्ये गंभीर दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणू, देऊन पाहिले. उंदरांतले निकाल उत्साहवर्धक होते. आतड्यातले जंतू स्वादुपिंडाकडे सरकायचे कमी झाले आणि उंदीरही कमी आजारी पडले. २००८ साली माणसांवरच्या चाचणीचे निकाल आले. प्रोबायोटिक दिलेल्यांपैकी १६ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी ६ टक्के. नऊ रुग्णांच्या आतड्यांचा रक्तपुरवठा तुटला, दुसऱ्या गटात असं एकही झालं नाही. यामागची सगळी कारणं उलगडलेली नाहीत, पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. उंदरांना हे जिवाणू दाह निर्माण करण्याच्या पाच दिवस आधीपासून दिले जात होते. पाच दिवस आधी कोणता रुग्ण दवाखान्यात येतो?

बीड जिल्ह्यातला रुग्ण घ्या. रात्री वरच्या पोटात कळ येते, पाठीपर्यंत जाते, उलट्या होतात. पित्त झालं असेल म्हणून रात्र काढली जाते. सकाळी गावातल्या डॉक्टरांकडे इंजेक्शन, दुपारनंतर तालुक्याला, आणि मग केज-परळी-धारूरकडचा असेल तर अंबाजोगाई, आष्टीकडचा असेल तर नगर. तो खाटेवर पोचतो तेव्हा ट्रिप्सिन जागं होऊन दिवस उलटलेला असतो. प्रयोगशाळेत उपयोगी ठरलेल्या औषधांपैकी कितीतरी औषधं ठिणगीवर पाणी टाकणारी होती. या रुग्णाच्या बाबतीत ठिणगी केव्हाच विझलेली असते आणि घर पेटलेलं असतं.

यावर अभ्यासक म्हणतील की फरक घड्याळाचा नाही, जातीचा आहे. आक्षेप बिनबुडाचा नाही. उंदरांना नुसती दारू पाजून स्वादुपिंडाचा दाह होत नाही, त्यांना आणखी एखादा धक्का द्यावा लागतो. उंदरांच्या स्वादुपिंडाची रचनाही माणसासारखी एकसंध नाही, ते आतड्याभोवती पसरलेलं असतं. पण सगळा दोष जातीचाच असता तर एक गोष्ट घडायला नको होती. आतड्यापर्यंत दुर्बीण नेऊन केल्या जाणाऱ्या पित्तनलिकेच्या तपासणीत, ज्याला डॉक्टर ईआरसीपी म्हणतात, काही रुग्णांना त्या तपासणीमुळेच दाह होतो. इथं इजेचा क्षण मिनिटासकट माहीत असतो. २०१२ साली अमेरिकेत ६०२ रुग्णांच्या चाचणीत तपासणी होताच गुदद्वारातून इंडोमेथासिन दिलं, तर दाहाचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ वर आलं. जुनं, स्वस्त, उंदरांवर फार पूर्वीच तपासलेलं औषध. वेळ जुळली तेव्हा माणसानेही प्रतिसाद दिला. एका उदाहरणाने सिद्धान्त उभा राहत नाही हे मला मान्य आहे, पण ते दुर्लक्षिण्याजोगंही नाही.

असा आणखी एक आजार आहे ज्यात घड्याळ माहीत असतं, आणि तो आपल्या दारात आहे. विंचू चावणं. १९७० साली त्रिनिदादमधल्या बार्थोलोम्यू यांनी तिथल्या विंचवाने चावलेल्या तीस रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या चोवीस जणांना स्वादुपिंडाचा दाह झाला होता. आपल्या लाल विंचवाचं विष दिलेल्या प्राण्यांतही तीव्र दाह दिसल्याचं मुंबईतल्या के. राधाकृष्ण मूर्ती आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये नोंदवलं. हे विष नसांचे दरवाजे उघडेच ठेवतं, त्यामुळे रस सोडायचे आदेश थांबतच नाहीत. सेरुलिन जे इंजेक्शनाने करतं, ते नांगी नसांच्या वाटेने करते. अर्थात आपल्याकडे लाल विंचवाचा रुग्ण दगावतो तो हृदयामुळे आणि फुप्फुसात पाणी भरल्यामुळे. त्यावरचा मार्ग महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी खाटेशेजारी बसून शोधला आणि १९८६ मध्ये प्राझोसिन या औषधावरचं काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. प्राण्यांशिवायही वैद्यक पुढे जातं याचा हा मोठा दाखला आहे, आणि तो मी मुद्दाम माझ्या म्हणण्याच्या विरोधात ठेवतो. पण विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, ही समज घडवण्यात प्रयोगांचाही वाटा होता. दोन्ही हात लागले.

मग प्राण्यांना होणाऱ्या वेदनेचं काय? हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. स्वादुपिंडाचा दाह माणसाला कसा तडफडवतो हे पाहिलेल्याला तो उंदराच्या बाबतीत हलका मानता येणार नाही. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्रयोगांविषयीचे नियम आहेत, संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. तरी माझ्या मते समितीने एक प्रश्न आणखी विचारायला हवा : हे औषध दाह सुरू झाल्यावर किती तासांनी देणार? आधीच देणार असाल आणि त्यावरून उपचाराचा दावा करणार असाल, तर त्या प्राण्याची वेदना वाया जाणार आहे.

बीडमध्ये हे नुसतं वाचून सोडून द्यायचं कारण नाही. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून उभं आहे. बालाघाटाच्या दगडधोंड्यांतून, गोठ्यांतून, उसाच्या पाचटाच्या कोपीतून विंचू चावलेली माणसं मराठवाड्यातल्या रुग्णालयांत येतच असतात. केसपेपरवर पहिली ओळ वेळेचीच असते : किती वाजता चावला. त्या वेळेच्या शेजारी, आल्याबरोबर आणि नंतर सहा-सहा तासांनी, अमायलेज आणि लायपेज या स्वादुपिंडाच्या विकरांचे आकडे लिहिले, तर सेरुलिनच्या उंदरांत दिसणारा चढउतार माणसात किती जुळतो हे ताडून पाहता येईल. त्यासाठी एकाही प्राण्याला टोचावं लागणार नाही. उपचारासाठी हातात सुई जातेच, त्याच वेळी थोडं रक्त जास्त घ्यावं लागेल, आणि त्यासाठी रुग्णाची संमती.