नव्या वाचकाच्या हाती कोणते कॉमिक द्यावे

कॉमिक किंवा ग्राफिक कादंबरी सुचवण्याचे काम ग्रंथपाल करतात, पुस्तकांच्या दुकानातले जाणते विक्रेते करतात आणि पुष्कळदा घरातला एखादा वाचणारा मामेभाऊ करतो. कादंबरी सुचवायची असेल तर समोरच्याची आवड कळली की बरेचसे भागते. कॉमिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळावी लागते: या माणसाला चित्रांचे पान वाचायची कितपत सवय आहे. विषय आवडूनही पुस्तक अर्ध्यावर परत करणारे वाचक बहुतेक वेळा पानाच्या मांडणीत अडकलेले असतात. त्यांना स्वतःला तसे सांगता येत नाही. ते फक्त ‘जमलं नाही’ एवढेच म्हणतात.

पान वाचणे वाटते तितके उघड नाही. चौकटी कोणत्या क्रमाने घ्यायच्या, एकाच चौकटीतला कोणता फुगा आधीचा, चौकोनी पट्टीतले निवेदन कोणाचे, हे सगळे डोळ्याला एकाच वेळी ठरवायचे असते. शिवाय दोन चौकटींच्या मध्ये पांढरी मोकळी जागा असते आणि पुष्कळसे कथानक तिथेच घडते. स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 साली ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात, जे स्वतः कॉमिकच आहे, हे फार चांगले दाखवले: एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर घुमणारी किंकाळी. घाव चित्रकाराने काढलेलाच नाही; तो वाचकाने घातला. सरावलेला वाचक हे नकळत करतो. नवखा प्रौढ वाचक मात्र या फुग्यावरून त्या फुग्यावर उड्या मारत फक्त अक्षरे वाचतो, चित्र डोळ्यांच्या कडेने पाहतो आणि पान उलटतो. पुस्तक फार लवकर संपले आणि त्यात फारसे काही नव्हते, ही तक्रार इथून येते.

महाराष्ट्रात या सवयीला एक जुने कारणही आहे. आज पन्नाशी-साठीत असलेल्यांनी लहानपणी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ वाचलेली असतात. 1964 ते 1990 या काळात निघालेल्या या मालिकेने वेताळ आणि मँड्रेक मराठीतूनही घरोघरी पोचवले, आणि 1976 मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आणला. त्याच पिढीने 1967 मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेली ‘अमर चित्र कथा’ वाचली. तिच्या पहिल्या ‘कृष्ण’ची चित्रे राम वाईरकरांची होती, पुढे प्रताप मुळीक यांच्यासारखे चित्रकार आले. चित्रे देखणी होती, पण चौकटीच्या डोक्यावरच्या पट्टीत चित्रात जे दिसते तेच बहुधा शब्दांत सांगितलेले असे. चित्र झाकले तरी गोष्ट कळे. त्या वाचनावर वाढलेला माणूस कॉमिकला अनोळखी नसतो, पण चित्राला काही विचारायची त्याला सवय नसते. म्हणून जाणकार सुचवणारा पुस्तकाचे नाव काढण्याआधी एखादे पान समोर ठेवतो आणि वाचकाची नजर कुठे थांबते ते पाहतो. नजर सरळ फुग्यांवरून घसरत गेली, तर साध्या मांडणीचे पुस्तक द्यायचे हे तिथेच ठरते.

विचारायचा प्रश्नही वेगळा असतो. ‘कोणतं कॉमिक आवडतं’ याला नव्या वाचकाकडे उत्तरच नसते. शेवटचे मनापासून वाचलेले पुस्तक कोणते, किंवा सिनेमा कोणता, हे विचारले की बोलणे सुरू होते. अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी वाचक पुस्तकात शिरतो ती चार दारे सांगितली आहेत: कथानक, पात्रे, परिसर आणि भाषा. कॉमिकला पाचवे दार आहे, रेषेचे. काही जणांना चित्रच आवडत नाही आणि मग बाकीची चारही दारे बंद होतात. यात वाद घालण्यात अर्थ नसतो. दुसरे पुस्तक काढावे.

मराठी प्रौढ वाचकासाठी सर्वांत भरवशाचा रस्ता आत्मकथनाचा आहे. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘बलुतं’ ज्या भाषेत आवडीने वाचली जातात, तिथे आयुष्याची खरी हकीकत सांगणारे पुस्तक चित्रांत असले तरी चालते. ग्राफिक कादंबरीतले काही उत्तम लेखनही याच प्रकारात झाले आहे. आर्ट स्पीगलमन यांचे ‘माउस’ दोन भागांत, 1986 आणि 1991 मध्ये पुस्तकरूपाने आले आणि 1992 मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. ऑशविट्झमधून वाचलेल्या वडिलांची ही कहाणी आहे. त्यात ज्यू उंदीर आहेत आणि नाझी मांजरे. प्राण्यांचे चेहरे पाहून ‘हे मुलांचं दिसतंय’ असे म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना मुलगा आणि चिडका, कंजूष म्हातारा बाप यांच्या संवादाचे पान दाखवावे, छळछावणीचे नव्हे. पुस्तकाचा पीळ त्या नात्यात आहे.

मार्जान सत्रापी यांचे ‘पर्सेपोलिस’ त्याहूनही सोपे पडते. 2000 ते 2003 या काळात ते फ्रेंचमध्ये चार भागांत आले. 1979 च्या इराणी क्रांतीच्या वेळी नऊ-दहा वर्षांच्या असलेल्या मुलीचे हे बालपण आहे. जाड काळी रेष, करडी छटा नाही, चौकटी बहुतेक सरळ ओळीत आणि एका चौकटीत एकच गोष्ट. पहिले पुस्तक म्हणून ते इतक्यांदा सुचवले जाते की जाणकारांना त्याचा कंटाळा येतो, पण नव्या वाचकासाठी ते नवेच असते. एवढे मात्र आधी सांगावे की तुरुंगातल्या छळाची चित्रे त्यात आहेत.

‘भीमायन’ची गोष्ट निराळी आहे. नवयानने 2011 मध्ये काढलेल्या या पुस्तकात डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे प्रसंग आहेत. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याची. त्यात चौकटीच नाहीत. गोंड नक्षीच्या वळणदार पट्ट्या पानाचे भाग पाडतात. सौम्य बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा असतो, विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मांडणीच्या हिशेबाने हे नवशिक्याला द्यायचे पुस्तक नव्हे. तरीही महाराष्ट्रात ते चालून जाते, कारण पाण्याची तहान, बडोद्यातल्या घराचा शोध, महाडचे तळे हे वाचकाला आधीच माहीत असते. पुढे काय होणार याची ओढ नसली की नजर चित्रावर रेंगाळते. ओळखीची गोष्ट आणि अनोळखी मांडणी ही जोडी कामाची आहे. महात्मा फुल्यांच्या 1873 च्या ‘गुलामगिरी’वर आधारलेले ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ही त्याच वर्षी, त्याच प्रकाशनाकडून आले. मूळ ग्रंथ वाचलेल्यांना ते नेमके लागू पडते.

वर्तमानपत्रे आणि रिपोर्ताज वाचणाऱ्याला जो सॅको यांचे ‘पॅलेस्टाईन’ हवे असते, पण ते एकदम देऊ नये. सॅकोची पाने गच्च भरलेली आहेत. मजकुराच्या पट्ट्या तिरक्या धावतात आणि गर्दीतला प्रत्येक चेहरा वेगळा असतो. आधी गी दलील यांचे ‘प्याँगयांग’ द्यावे. अ‍ॅनिमेशनच्या कामासाठी उत्तर कोरियात राहिलेल्या माणसाची ही मिस्कील रोजनिशी आहे. ती पचली की सॅको जड जात नाही. नर्मदा खोऱ्यावर ओरिजित सेन यांनी 1994 मध्ये केलेले ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ याच वाचकासाठी.

सुपरहिरोंच्या बाबतीत अडचण उलटी असते. चौकटी वाचता येतात, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. बॅटमॅन 1939 पासून चालू आहे, अंकांचे क्रमांक मधूनच पुन्हा एकपासून सुरू होतात, आणि एका कथेचा धागा चार मालिकांत पसरलेला असतो. क्रमाने सगळे वाचण्याचा नाद सोडा, हे वाचकाला स्पष्ट सांगणे हीच इथली मोठी मदत. स्वतंत्रपणे संपणारी कथा द्यावी: फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांची चार अंकांची ‘बॅटमॅन: इयर वन’, किंवा बारा अंकांची ‘ऑल-स्टार सुपरमॅन’, जिच्या पहिल्याच पानावर नायकाची जन्मकथा चार चौकटींत आणि अवघ्या आठ शब्दांत आटोपते. शाळकरी मुलीसाठी 2014 मधली ‘मिस मार्व्हल’ आहे. तिची नायिका जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली आहे आणि तिच्या घरातले वाद आपल्याकडच्या घरांत सहज ओळखू येतात. ‘वॉचमेन’ मात्र पहिले पुस्तक म्हणून देऊ नये. गाजलेल्या याद्यांत ते असते, म्हणून लोक तेच मागतात. पण त्यातली बरीचशी करामत सुपरहिरोंच्या जुन्या संकेतांची उलटतपासणी करण्यात आहे, आणि ते संकेत ठाऊक नसलेल्या वाचकाला फक्त एक लांबलेली खुनाची चौकशी दिसते.

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, मागणारी मुले बहुतेक अ‍ॅनिमे पाहून आलेली असतात. त्यांना पान उजवीकडून डावीकडे वाचायचे शिकवावे लागत नाही. शिकायचे असते ते पालकांना. ‘नारुतो’चे 72 खंड आहेत आणि 1997 मध्ये सुरू झालेल्या ‘वन पीस’ने शंभरी केव्हाच ओलांडली आहे, हे ऐकल्यावर पालकांचा प्रश्न खर्चाचा असतो, आणि तो रास्त आहे. सात खंडांत संपणारी ‘अ सायलेंट व्हॉइस’ ही बहिऱ्या मुलीची आणि तिला शाळेत छळणाऱ्या मुलाची कथा दोघांनाही पटते. ओसामु तेझुका यांची ‘बुद्ध’ इंग्रजीत आठ खंडांत मिळते. ती श्रद्धेने मागणाऱ्याला आधीच कल्पना द्यावी की तीत काल्पनिक पात्रे आणि मध्येच टपकणारे आजच्या काळातले विनोद भरपूर आहेत.

भाषेची अडचण सहसा कोणी बोलून दाखवत नाही. इथे सुचवलेली बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत. मोठ्यांसाठीच्या ग्राफिक कादंबऱ्या मराठीत थोड्या. त्यात इंग्रजी कॉमिकचे फुगे बहुधा कॅपिटल लिपीत आणि बारीक आकाराच्या अक्षरांत लिहिलेले असतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या, इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचणाऱ्या माणसालाही ते संथ जातात, आणि चाळिशी लागलेली असेल तर आणखीच. अशांसाठी शॉन टॅन यांचे 2006 चे ‘द अरायव्हल’ आहे. घर सोडून परमुलखात गेलेल्या माणसाची ही गोष्ट पूर्ण शब्दाविना सांगितली आहे. त्या मुलखातल्या पाट्यासुद्धा कल्पित लिपीत आहेत, त्यामुळे वाचक नायकाइतकाच निरक्षर होतो. फक्त अक्षरे वाचणाऱ्याची सवय मोडायला याच्यासारखा उपाय नाही. शि. द. फडणीसांची शब्दविरहित हास्यचित्रे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर न्याहाळत आलेल्या मराठी माणसाला हे वाटते तितके परके नाही.

बऱ्याच ग्रंथालयांत आणि दुकानांत कॉमिक आकाराचे सगळे बालविभागात लावलेले असते. तिथे ‘टिंकल’शेजारी अमृता पाटील यांची ‘कारी’ दिसू शकते, जी प्रौढांसाठी लिहिलेली, एका समलिंगी तरुणीची मुंबईतली कथा आहे. हे पुस्तक तिथे कोणत्याच योग्य वाचकाला सापडत नाही. हिंसा किंवा नग्नता असेल तर सुचवणाऱ्याने आधी सांगावे. कादंबरीतला तसा परिच्छेद शेजारी बसलेल्या मुलाला दिसत नाही, चित्र दिसते.

पुस्तक परत आले की ‘आवडलं का’ याने फारसे कळत नाही. कोणते पान आठवते, हे विचारावे. वाचकाने फक्त कथा सांगितली तर पुढचे पुस्तकही साध्या मांडणीचे द्यावे. त्याने एखादी चौकट वर्णन करून सांगितली तर एक पायरी चढायला हरकत नाही. पायरी एकच: विषय तोच ठेवून मांडणी बदलावी, किंवा मांडणी तीच ठेवून विषय. ‘माउस’ आवडलेल्याला मलिक सज्जाद यांचे 2015 चे ‘मुन्नू’ देता येते, ज्यात काश्मिरी माणसे हंगुल हरणांच्या रूपात येतात. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल खंत धरायची नसते. नॅन्सी पर्ल यांनी गद्य पुस्तकाला 50 पानांची संधी द्यायला सांगितली आहे. कॉमिकला वीस पाने पुरतात, कारण तोवर न भावलेली रेष पुढे सहसा बदलत नाही.