बाळंतिणीजवळ कोण बसणार? ‘सोबतिणी’चा नवा व्यवसाय

दौंडसारख्या जंक्शनच्या गावात दुकानदाराच्या घरी बाळंतपण आले की अडचण ठरलेली. सुनेची आई बाहेरगावाहून गाडीने येणार, सासूचे गुडघे साथ देत नाहीत आणि दुकान किती दिवस बंद ठेवायचे, हा पुरुषापुढे प्रश्न. पूर्वी मोहल्ल्यातली दाई रात्रभर उशाशी बसायची. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली हे चांगलेच झाले, पण दाईबरोबर ती बसून राहणारी बाईही गेली. पोर आत कळा सोसते, घरची माणसे बाहेर बाकावर.

ही जागा भरणारा व्यवसाय पुण्या-मुंबईत उभा राहिला आहे. इंग्रजीत तिला ‘डूला’ म्हणतात, आपण सोबतीण म्हणू. ती बाळंतपण करीत नाही, इंजेक्शन देत नाही. कंबर दाबणे, चालवणे, घोटघोट पाणी पाजणे, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्या बोलीत समजावणे, बाळाला पहिल्यांदा अंगावर पाजताना मदत करणे, हे तिचे काम.

२०१७ साली १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांत सिझेरियन कमी झाली आणि कळांचा काळ सरासरी ४० मिनिटांनी घटला. व्यापाऱ्याने हे खर्चाशी लावून पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील खासगी दवाखान्यांत शंभरातील ४७ बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत १४. (गरज असेल तेथे सिझेरियन जीव वाचवते. तेथे पैशाचा विचार करू नये.)

मात्र सोबतीसाठी पैसे मोजलेच पाहिजेत असे नाही. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एक सोबती ठेवण्यास मान्यता दिली. घरातली, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली स्त्री असावी, संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, या अटी आहेत. इतर स्त्रियांचा आडपडदा राखला जात असेल तेथे पतीलाही परवानगी आहे. चाची, खाला, थोरली नणंद, कोणीही चालेल. पण तिने आधी एकदा दवाखाना पाहून यावे.

हे काम व्यवसाय म्हणून धरू पाहणाऱ्या भगिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाळंतपण तारीख पाळत नाही. दिलेल्या तारखेच्या मागेपुढे दोन-दोन आठवडे हाक येताच निघावे लागते, म्हणून महिन्याला मोजक्याच स्त्रिया घेता येतात. शिलाईसारखे रोजचे उत्पन्न यात नाही. नर्ससारखी सरकारी नोंदणीही या कामाला नाही, त्यामुळे ओळख आणि विश्वास हेच भांडवल. फी, येण्याची वेळ आणि आपण आजारी पडलो तर बदली कोण, हे सातव्या महिन्यातच कागदावर लिहून घ्यावे. आणि खासगी दवाखाना सोबतिणीला आत घेतो की नाही, हे पेशंटचे नाव नोंदवतानाच विचारावे. कळा सुरू झाल्यावर दारात वाद घालून उपयोग नसतो.