जमिनीवर उभं विमान निर्धोक असतं?

बेल्जियमच्या नामूर प्रांतात फ्लोरेन नावाचा हवाईतळ आहे. 11 ऑक्टोबर 2018 रोजी तिथे एका एफ-16 विमानाची देखभाल चालू असताना त्याची तोफ अचानक सुरू झाली. समोरच्या दुसऱ्या एफ-16 मध्ये नुकतंच इंधन भरलं होतं. गोळ्या लागताच त्याचा स्फोट झाला आणि ते जळून खाक झालं. जीव कुणाचा गेला नाही. दोन तंत्रज्ञांच्या कानांवर उपचार करावे लागले.

वैमानिक आत नाही, इंजिन बंद आहे, मग तोफ चालेलच कशी, असं बहुतेकांना वाटतं. पण एफ-16 ची व्हल्कन तोफ फिरते हायड्रॉलिक दाबावर आणि तिच्या काडतुसांना ठिणगी मिळते विजेची. देखभालीच्या वेळी दाब आणि वीज या दोन्ही गोष्टी बाहेरच्या यंत्रांतून पुरवता येतात. सहा नळ्यांची, 20 मिलिमीटरची ही तोफ मिनिटाला सुमारे 6000 गोळ्या झाडते, म्हणजे सेकंदाला शंभर. चूक झाली हे उमगून बोट मागे घेईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

‘आधुनिक विमानात सेफ्टी असतेच की!’ असते, आणि एकच नसते. चाकांवर विमानाचा भार आहे तोवर शस्त्रांचा वीजप्रवाह तोडणारा स्विच असतो, शस्त्रांचा वेगळा मुख्य स्विच असतो, लाल फितीच्या पिना असतात. मात्र यंत्रणा नीट चालते का हे जमिनीवर तपासायचं, तर यातलं काही ना काही तात्पुरतं बाजूला सारावंच लागतं. सगळ्यात कमी कवच असतं ते याच वेळी. म्हणूनच आधी तोफ रिकामी करणं आणि विमानाच्या नाकासमोर काय उभं आहे हे पाहणं, ही दोन साधी कामं कुठल्याही स्विचपेक्षा मोलाची ठरतात.

चुकून सुटलेलं शस्त्र स्वतः फुटलं तरच मोठी हानी होते, हाही असाच एक समज. 29 जुलै 1967 रोजी टोंकिनच्या आखातात अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवर जे घडलं, ते नेमकं उलट सांगतं. डेकवरच्या एका फँटम विमानाला बाहेरच्या वीजपुरवठ्यावरून स्वतःच्या विजेवर घेताना क्षणभर विजेचा दाब उसळला आणि झुनी रॉकेट सुटलं. ते समोरच्या स्कायहॉक विमानाच्या इंधनटाकीत घुसलं. रॉकेटचा स्फोटक भाग फुटलाच नाही, त्याच्या सेफ्टीने आपलं काम चोख केलं. पेटलं ते सांडलेलं इंधन. त्या आगीत तापून दीडेक मिनिटात पहिला बॉम्ब फुटला, कारण त्या दिवशी नौकेवर जुने, उष्णतेत लवकर दगा देणारे बॉम्ब होते. पहिल्या स्फोटात आग विझवायला धावलेलं पथकच सापडलं. 134 जणांचा बळी गेला.

दोष एका माणसाच्या हातात शोधणं सोपं असतं, पण फॉरेस्टलवर रॉकेट सुटायला दोन अडथळे एकाच वेळी नाहीसे व्हावे लागले. पिन आधीच निघालेली होती, आणि विमानाला डेकवरून झेपावणाऱ्या उड्डाणयंत्रावर (कॅटापुल्टवर) पोहोचल्यावर जोडायचा विजेचा प्लगही आधीच जोडलेला होता. यातलं एक जरी जागेवर असतं, तरी वीज उसळूनही काही झालं नसतं. एकट्या मेकॅनिकला शिक्षा देऊन प्रकरण मिटवणारी चौकशी म्हणूनच अपुरी वाटते; पिन आणि प्लगच्या पद्धती कुणी, कशाच्या घाईत बदलू दिल्या, हे तिने विचारायला हवं.

असं फक्त परक्या देशांत घडतं, असंही नाही. 9 मार्च 2022 रोजी भारताचं एक क्षेपणास्त्र सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. तो प्रसंग विमानाचा नव्हता, पण संरक्षण मंत्रालयाच्या निवेदनानुसार तो नियमित देखभालीदरम्यानच घडला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. ऑगस्टमध्ये वायुसेनेच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढण्यात आलं. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात वायुसेनेने सांगितलं की क्षेपणास्त्रांचे कनेक्टर जोडलेलेच राहिले होते. बडतर्फ अधिकाऱ्यांपैकी एकाचं म्हणणं मात्र असं, की आपल्याला प्रशिक्षण मिळालं होतं ते देखभालीच्या कामाचं, प्रत्यक्ष मोहिमेचं नव्हे.