टेकड्यांवरची इटली: निवांत मुक्कामासाठी गाव कसे निवडावे?

व्हेनिस शहराने एप्रिल २०२४ पासून, गर्दीच्या ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून पाच युरो प्रवेशशुल्क आकारण्यास प्रारंभ केला. आलेली गर्दी कशी आवरावी, हा त्या शहरापुढील प्रश्न आहे. त्याच देशातील अपेनाइन पर्वतरांगेत वसलेल्या शेकडो गावांपुढे मात्र नेमका उलटा प्रश्न उभा आहे: उरलेली माणसे कशी टिकवावीत? इटलीतील सुमारे ७,९०० स्थानिक पालिकांपैकी साडेपाच हजारांच्या आसपास पालिकांची लोकसंख्या पाच हजारांहून कमी आहे. देशाचा निम्म्याहून अधिक भूभाग या लहान पालिकांच्या हद्दीत येतो. त्यांच्यासाठी २०१७ मध्ये इटलीच्या संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला.

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस या नेहमीच्या वाटेवरून बाजूला होऊन आठ-दहा दिवस शांतपणे राहू इच्छिणाऱ्या प्रवाशाला या गावांत उत्तम आसरा मिळू शकतो. मात्र त्यासाठी ही गावे अशी का आहेत, हे थोडे समजून घेतलेले बरे. ते समजले की निवासाच्या पर्यायांची विचित्र वाटणारी नावे आणि नियम आपोआप उलगडत जातात.

गावे वर का गेली आणि रिकामी का झाली

दहाव्या-अकराव्या शतकांत मध्य इटलीतील वस्ती मोठ्या प्रमाणावर उंचावरच्या तटबंदीआड एकवटली. आक्रमकांपासून संरक्षण हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक जुने आणि अधिक चिवट होते, ते म्हणजे मलेरिया. किनाऱ्यालगतच्या आणि नदीखोऱ्यांतील दलदलीच्या जमिनीत शेती करायची आणि रात्री मुक्कामाला टेकडीवर परतायचे, हा क्रम अनेक भागांत विसाव्या शतकापर्यंत टिकून होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मलेरियाचे उच्चाटन झाले, सखल भाग राहण्याजोगे झाले, कारखाने उत्तरेत आणि परदेशांत उभे राहिले. टेकडीवर राहण्याचे कारणच संपले. मिलान, तुरिन, बेल्जियमच्या कोळसा खाणी आणि जर्मनीतील कारखाने यांनी या गावांची तरुण पिढी ओढून नेली.

तोस्काना, उम्ब्रिया आणि मार्के या प्रांतांत आणखी एक बदल घडला. तेथील शेती शतकानुशतके अर्धेलीने चालत असे. जमीनमालकाच्या शेतावर कुळाचे कुटुंब राही आणि पीक दोघांत वाटले जाई. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी घातली. कुळे शहरांकडे गेली आणि टेकड्यांच्या उतारांवरील दगडी शेतघरे ओस पडली. आज परदेशी पर्यटक ज्या घरांच्या छायाचित्रांवर भाळतात, ती बहुतांशी हीच घरे होत.

शेतावरचा पाहुणचार

या ओस घरांचा आणि तोट्यातील शेतीचा मेळ घालणारी व्यवस्था म्हणजे ‘अग्रितुरिझ्मो’. १९८५ मध्ये तिला प्रथम कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि २००६ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. यातील मुख्य अट अशी की, शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुण्यांचा व्यवसाय तिला जोडून असला पाहिजे. ताटात वाढले जाणारे पदार्थही प्रामुख्याने स्वतःच्या शेतातील आणि परिसरातील असावे लागतात. त्यामुळे ही पाटी पाहून गेल्यावर ऑलिव्हची बाग, द्राक्षमळा किंवा निदान मेंढ्यांचा कळप दिसण्याची अपेक्षा रास्त आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी शेती नावापुरती आणि पोहण्याचा तलाव मोठा असाही प्रकार आढळतो. कोणते पीक घेता, असे आरक्षणापूर्वी विचारले की यजमानाच्या उत्तरावरून बरेच काही कळते.

शेतघर गावाबाहेर असते, त्यामुळे शांतता अधिक मिळते. मात्र वाहनावाचून तेथे अडकून पडायला होते. हे ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी दुसरा पर्याय आहे आणि त्याचा जन्म एका आपत्तीतून झाला.

भूकंपातून आलेली कल्पना

६ मे १९७६ रोजी ईशान्य इटलीतील फ्रिउली भागात झालेल्या भूकंपात सुमारे एक हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुनर्बांधणी झाली, पण उभ्या राहिलेल्या अनेक घरांत राहायला कोणी उरले नव्हते. कार्निया खोऱ्यातील कोमेल्यान्स या गावात १९८२ च्या सुमारास ही रिकामी घरे पाहुण्यांना देण्याचा विचार पुढे आला. पर्यटनाचे अभ्यासक जानकार्लो दाल्लारा यांनी पुढे त्याला ‘आल्बेर्गो दिफुझो’, म्हणजे विखुरलेले हॉटेल, अशा स्वरूपात विकसित केले. एका घरात स्वागतकक्ष, दुसऱ्यात न्याहारीची खोली, तिसऱ्या-चौथ्या घरांत शयनगृहे; मात्र ही सर्व घरे साधारण दोनशे मीटरच्या परिघात आणि एकाच व्यवस्थापनाखाली असावीत, अशी ही रचना आहे. नवी इमारत बांधायची नाही आणि गावात खरोखर माणसे राहत असली पाहिजेत, या दोन अटी सर्वांत महत्त्वाच्या. सार्डिनिया प्रांताने १९९८ मध्ये या प्रकाराला सर्वप्रथम कायदेशीर मान्यता दिली. नंतर इतर प्रांतांनीही नियम केले.

याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आब्रुत्सो प्रांतात आहे. ग्रान सास्सो पर्वताच्या दक्षिण उतारावर, सुमारे १,२५० मीटर उंचीवर सान्तो स्तेफानो दि सेस्सानिओ हे गाव आहे. १५७९ पासून ते फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या ताब्यात होते आणि मेंढ्यांच्या लोकरीवर त्याची भरभराट झाली. हिवाळ्यात कळप घेऊन दक्षिणेकडील पुलिया प्रांतात उतरायचे आणि उन्हाळ्यात वर परतायचे, हा येथील मेंढपाळांचा क्रम होता. तो मोडला आणि गाव शंभरेक माणसांवर आले. दानिएले किल्ग्रेन हे स्वीडिश-इटालियन उद्योजक १९९९ मध्ये मोटारसायकलवरून भटकताना तेथे पोहोचले. त्यांनी पडझड झालेली घरे विकत घेतली आणि शक्य तितकी जशीच्या तशी दुरुस्त केली. धुराने काळवंडलेल्या भिंती रंगवल्या नाहीत, जुन्या दारांच्या कुलपांना जुन्याच अवजड किल्ल्या ठेवल्या. ६ एप्रिल २००९ च्या लाक्विला भूकंपात गावाची ओळख असलेला मध्ययुगीन बुरूज कोसळला. पुढे तो पुन्हा उभारण्यात आला. येथे पिकणारी बारीक, काळपट मसूर इटलीभर प्रसिद्ध आहे आणि ती उंचावरच्या लहान वावरांतच होते.

हा प्रयोग गावाला जगवणारा ठरला की गावाचे संग्रहालय करणारा, याबद्दल इटलीत मतभेद आहेत. काळवंडलेली भिंत ही मूळ रहिवाशांच्या दृष्टीने गरिबीची खूण होती. पाहुणा तिच्यासाठी जादा पैसे मोजतो. शेजारच्या कालाशो गावाचा वाद याहून वेगळा आहे. करोना साथीनंतर युरोपीय संघाच्या मदतीतून इटलीने अशा गावांसाठी सुमारे एक अब्ज युरोंची तरतूद केली. २०२२ मध्ये प्रत्येक प्रांतातून एक गाव निवडून त्याला सुमारे दोन कोटी युरो देण्याचे ठरले आणि आब्रुत्सोमधून कालाशोची निवड झाली. मूठभर वस्तीच्या एका गावाला इतका निधी मिळत असताना आसपासच्या गावांनी काय करायचे, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही.

कोणते गाव निवडावे

इटलीत गावांना मिळालेली दोन मानचिन्हे निवडीस उपयोगी पडतात. ‘इटलीतील सर्वांत सुंदर गावे’ हा पालिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने २००१ मध्ये सुरू झालेला समूह असून त्यात साडेतीनशेहून अधिक गावे आहेत. दुसरे चिन्ह ‘नारिंगी ध्वज’. इटलीचा टूरिंग क्लब १९९८ पासून ते किनाऱ्यापासून आतल्या भागातील लहान गावांना सोयी, स्वच्छता आणि वारशाची जपणूक पाहून देतो. शांतता शोधणाऱ्याने दुसऱ्या यादीला अधिक महत्त्व द्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिल्या यादीतील नाव कित्येकदा गर्दीचेच निमंत्रण ठरते.

रोमच्या उत्तरेकडील चिविता दि बान्योरेज्जो हे त्याचे ठळक उदाहरण. ठिसूळ मातीच्या खचत्या सुळक्यावरील या गावात केवळ पादचारी पुलावरून जाता येते आणि कायमचे रहिवासी बोटांवर मोजण्याइतके आहेत. तरीही पर्यटकांची रीघ एवढी वाढली की २०१३ पासून प्रवेशासाठी तिकीट लावावे लागले. ते दुपारी पाहून पुढे जावे. मुक्कामासाठी दक्षिणेकडील बाझिलिकाता प्रांत विचारात घेण्यासारखा आहे. तेथे कास्तेल्मेझ्झानो आणि पिएत्रापेर्तोझा ही दोन गावे उभ्या कड्यांच्या कुशीत समोरासमोर वसली आहेत. दोहोंच्या मधल्या दरीवरून पोलादी तारेला लटकून जाण्याचा खेळ उन्हाळ्यात जोरात असतो, तेवढा गोंगाट गृहीत धरावा. संध्याकाळी तो थांबतो. याच प्रांतातील आलियानो येथे लेखक-चित्रकार कार्लो लेव्ही यांना फॅसिस्ट राजवटीने १९३५-३६ मध्ये स्थानबद्ध ठेवले होते आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दफनही तेथेच झाले आहे.

मराठी वाचकाने मात्र उम्ब्रिया प्रांतातील मोंतोने हे नाव लक्षात ठेवावे. पेरुजियाच्या उत्तरेस, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यावर नजर ठेवून असलेले हे तटबंदीचे गाव पंधराव्या शतकातील सेनानी ब्राच्चो दा मोंतोने यांचे म्हणून ओळखले जाते. याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. सोबतचे सर्व जवान पडल्यावर रायगड जिल्ह्यातील या २२ वर्षांच्या तरुणाने एकट्याने चाल करून ते ठाणे निकामी केले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. जुलै २०२३ मध्ये मोंतोने येथे त्यांच्या नावाने सूर्यतबकडीच्या रूपातील स्मारकाचे अनावरण झाले. गावात फिरताना ते अवश्य पाहावे.

केव्हा जावे

ऑगस्ट टाळावा. १५ ऑगस्टच्या सणाच्या आगेमागे इटालियन लोक स्वतःच सुट्टीवर असतात. शहरांत गेलेली कुटुंबे गावाकडे परततात, चौकात रात्री उशिरापर्यंत जेवणावळी आणि गाणी चालतात. तो अनुभव मौजेचा आहे, पण निवांतपणाचा नव्हे. आपल्याकडील उन्हाळी सुट्टीतील मे महिना सर्वांत अनुकूल, सप्टेंबरही चांगला. शिकारीचा हंगाम सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सुरू होऊन ३१ जानेवारीपर्यंत चालतो, ही गोष्ट मात्र प्रवास पुस्तिकांत क्वचितच लिहिलेली असते. या काळात रानवाटांवर पहाटेपासून बंदुकांचे बार ऐकू येतात. मंगळवार आणि शुक्रवार या दोन दिवशी कायद्याने शिकारीस पूर्ण मनाई आहे. डोंगरातील पायपीट त्या दिवशी ठेवावी.

दिवाळीच्या सुट्टीत गेल्यास ऑलिव्हची तोडणी पाहायला मिळते, परंतु दगडी घरे गार पडलेली असतात. घरे उबदार ठेवणारी यंत्रणा कोणत्या तारखेपासून चालू करावी, याचे बहुतेक भागांत सरकारी नियम आहेत आणि यजमान त्यापुढे हतबल असतो. लोकरीचे कपडे न्यावेत.

पोहोचणे आणि राहणे

रेल्वे सहसा खोऱ्यातील शहरापर्यंत नेते, पुढे बस घ्यावी लागते. वेळापत्रकातील तीन शब्द ओळखीचे असले की फजिती टळते. ‘फेरियाले’ म्हणजे शनिवारसह कामाचे दिवस, ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार आणि सण, तर ‘स्कोलास्तिको’ म्हणजे केवळ शाळा चालू असतानाचे दिवस. अनेक गावांच्या बसगाड्या शाळेच्या वेळांनाच बांधलेल्या असतात आणि रविवारी एकही गाडी नसते. मोटार भाड्याने घ्यायची असल्यास भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. जुन्या वस्त्यांच्या वेशीवर ‘झेडटीएल’ अशी अक्षरे दिसल्यास गाडी बाहेरच उभी करावी; तेथील कॅमेरे बिगरपरवाना वाहनाची नोंद घेतात आणि दंडाची सूचना काही महिन्यांनी भारतातील पत्त्यावर येऊन थडकते.

१ जानेवारी २०२५ पासून पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक निवासाला राष्ट्रीय ओळख क्रमांक घेणे आणि तो जाहिरातीत तसेच दारावर लावणे बंधनकारक झाले आहे. ‘सीआयएन’ या अक्षरांनी ओळखला जाणारा हा क्रमांक जाहिरातीत नसेल, तर पैसे पाठवू नयेत. शेंगेन व्हिसाच्या अर्जालाही निवासाचा पुरावा जोडावा लागत असल्याने, लेखी आरक्षण देणारा यजमानच निवडावा. पोहोचल्यावर तो पासपोर्टची माहिती घेऊन पोलिसांना कळवतो. हे त्याच्यावर कायद्याने बंधन आहे, त्यामुळे शंका घेण्याचे कारण नाही. अनेक पालिका दरडोई, दर रात्री थोडा पर्यटन करही घेतात. तो बहुधा भाड्यात धरलेला नसतो.

दुपारी एक ते चार किंवा साडेचारपर्यंत गावातील दुकाने बंद असतात, त्यामुळे सकाळीच खरेदी उरकावी. शाकाहारी प्रवाशांना या डोंगराळ भागांत एकंदरीत अडचण पडत नाही, कारण येथील जुना आहार गरिबांचा, म्हणजे कडधान्यांचा आहे. मसूर, हरभरे, घेवडा, मक्याच्या पिठाचा पोलेन्ता, आणि लिगुरियात तर हरभऱ्याच्या पिठाचे भट्टीत भाजलेले फारिनाता, जे आपल्या बेसनाच्या धिरड्याचे जवळचे नातलग वाटते. मात्र डाळींच्या सूपमध्ये चवीपुरते डुकराचे मांस किंवा मांसाचा अर्क घालण्याची रीत आहे आणि ते घालणाऱ्याला तो पदार्थ मांसाहारी वाटतच नाही. रोमान्या भागातील पियादिना या पोळीच्या कणकेत परंपरेने डुकराची चरबी असते, तर पार्मिजानो चीज करताना वासराच्या जठरातील विरजण वापरतात. म्हणून नुसते ‘शाकाहारी’ असे न सांगता मांस, मांसाचा अर्क आणि चरबी, असे तिन्ही शब्द उच्चारून नको म्हणावे. आदल्या दिवशी सांगितल्यास शेतघराची यजमानीण स्वतंत्र पातेले चढवायला सहसा आनंदाने तयार होते.