ब्लास्केटचे दप्तर

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, केरी परगण्याच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर ग्रेट ब्लास्केट नावाचे डोंगराळ बेट आहे. तेथे ना चर्च होते, ना वैद्य. बटाटे, मासळी, मेंढरे आणि चुलीसाठी डोंगरावरून खणून आणलेले पीट यांवर गुजराण करणारी ती वस्ती भरभराटीच्या काळातही पावणेदोनशेच्या आसपासच राहिली. परंतु आयरिश भाषेचा जुना बाज तेथे शाबूत असल्यामुळे १९०७ साली नॉर्वेचे पंडित कार्ल मार्स्ट्रँडर आणि त्यांच्यामागून ब्रिटिश म्युझियमचे रॉबिन फ्लॉवर ती भाषा शिकण्यासाठी बेटावर आले, आणि दोघांनीही टोमास ओ क्रोहन या कोळ्याचे शिष्यत्व पत्करले.

पाहुण्याच्या टिपणवहीत शब्द आणि कथा उतरतात. घरचा कारभार मात्र घरच्याच माणसाने सांगावा लागतो. हे मर्म ओळखले ते किलार्नीच्या ब्रायन केली यांनी. त्यांनी टोमासला गॉर्कीचे लेखन वाचून दाखविले आणि तसेच आपले रोजचे जिणे लिहिण्याची गळ घातली. चाळिशीच्या सुमारास मातृभाषेची अक्षरे गिरवलेल्या या गृहस्थाने साठी उलटल्यावर लेखणी हाती धरली, आणि १९२९ साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

त्यात काय नाही? एकाच छपराखाली माणसे आणि गाई नांदत, कोंबड्या छपराच्या गवतात घरटी करून अंडी घालीत. फुटलेल्या गलबतातून चहा वाहून आला, तेव्हा ही वस्तू प्यायची असते याचा पत्ताच नसल्यामुळे तो उकळून बायकांनी त्यात परकर रंगविले. आणि जमीनदाराच्या थकलेल्या खंडापोटी जप्तीस आलेल्या शिपायांना त्याच बायकांनी कड्यावरून दगडांचा मारा करून पिटाळून लावले. यातले काहीही त्याने अलंकारून सांगितलेले नाही, आणि कोणाची कीवही मागितलेली नाही. मला तर त्याची ही कोरडी ऐटच सर्वांत मोलाची वाटते.

पुढे तरुण मंडळी अमेरिकेकडे गेली, १९४१ साली शाळा बंद पडली आणि १९५३ च्या नोव्हेंबरात सरकारने उरलेल्या रहिवाशांना मुख्य भूमीवर हलविण्यास प्रारंभ केला. तोवर पेग सेयर्स या कथेकरी बाईनेही मुलाला मजकूर सांगून आपले चरित्र लिहवून घेतले होते. ते पुढे शाळांत सक्तीचे झाले, आणि आयरिश पोरांच्या कित्येक पिढ्यांनी त्या बिचारीच्या नावाने बोटे मोडली.