बहात्तर सेकंदांचे रसायनशास्त्र

पुढे वाचण्यापूर्वी जवळ एक घड्याळ ठेवा आणि हे उदाहरण सोडवा. २५ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल पूर्णपणे उदासीन करण्यासाठी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे ४० मिलिलिटर द्रावण लागले. तर त्या आम्लाची संहती किती? पाच उत्तरे दिली आहेत : ०.०६२५, ०.१०, ०.१६, ०.४० आणि १.६ मोलर. वेळ ७२ सेकंद.

हा ७२ चा आकडा मनाने घेतलेला नाही. अमेरिकेत कॉलेज बोर्ड ही संस्था ‘कॉलेज लेव्हल एग्झामिनेशन प्रोग्रॅम’, म्हणजे थोडक्यात ‘क्लेप’, या नावाच्या परीक्षा १९६७ पासून घेते. त्यांपैकी रसायनशास्त्राच्या परीक्षेत ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात. भागाकार करून पाहा, प्रत्येक प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात!

या परीक्षेचा उपयोग काय? तिथल्या महाविद्यालयांत पदवीसाठी साधारणतः १२० श्रेयांक मिळवावे लागतात. प्रत्येक विषयाचे काही श्रेयांक ठरलेले असतात आणि प्रत्येक श्रेयांकामागे शुल्कही मोजावे लागते. श्रेयांक हा शब्द २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडच्या महाविद्यालयांतही रुळू लागला आहे. पण समजा, एखाद्याने पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र आधीच आत्मसात केलेले आहे; शाळेत म्हणा, नोकरी करता करता म्हणा, किंवा सैन्यात असताना म्हणा. त्याने पुन्हा वर्षभर त्याच वर्गात का बसावे? परीक्षा द्यावी, ज्ञान सिद्ध करावे आणि श्रेयांक घ्यावेत, अशी ही योजना आहे. गुण २० ते ८० या मोजपट्टीवर दिले जातात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था ५० गुणांची शिफारस करते. मात्र हे ५० म्हणजे पन्नास टक्के नव्हेत, आणि अंतिम निर्णय ज्या त्या महाविद्यालयाचाच असतो.

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. सूत्र लिहून आकडे घालणारा विद्यार्थी उत्तर काढीलच. पण लेखणी न उचलता किती कळते ते पाहा. आम्ल २५ मिलिलिटर आणि अल्कली ४० मिलिलिटर. कमी आम्लाला जास्त अल्कली पुरवावी लागली, म्हणजे आम्ल ०.१ पेक्षा तीव्र असलेच पाहिजे. पहिली दोन उत्तरे बाद! ४० हे २५ च्या दुपटीहून कमी आहेत, म्हणून आम्ल ०.२ पर्यंत पोचणार नाही. शेवटची दोन बाद. उरले ०.१६. यातले ०.०६२५ हे उत्तर उगाच दिलेले नाही. ४० आणि २५ यांची उलटापालट करणाऱ्याला बरोबर तेच मिळते, आणि आपले उत्तर यादीत सापडल्याच्या आनंदात तो पुढे जातो. १.६ हे दशांश चिन्हाची जागा चुकवणाऱ्यासाठी आहे.

आता एकच शब्द बदला. हायड्रोक्लोरिकऐवजी सल्फ्यूरिक आम्ल घ्या. सल्फ्यूरिक आम्लाचा एक रेणू सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन रेणू उदासीन करतो, म्हणून उत्तर निम्मे होते : ०.०८. सूत्र पाठ करणारा येथे पुन्हा ०.१६ लिहितो. रासायनिक समीकरण डोळ्यांपुढे आणणारा मात्र फसत नाही.

वायूंच्या प्रश्नांतही असेच सापळे असतात. २७ अंश सेल्सिअसला ३ लिटर वायू आहे. दाब तोच ठेवून तापमान १२७ अंश केले, तर आकारमान किती? सेल्सिअसचे आकडे तसेच वापरले तर १४ लिटर येतात. केल्विनमध्ये ही तापमाने ३०० आणि ४०० होतात, आणि आकारमान फक्त ४ लिटर. शंभर अंशांनी तापवलेला वायू जवळजवळ पाचपट फुगेल का, एवढा प्रश्न मनाला विचारण्याची सवय असली तरी पुरे. या परीक्षेत संगणकाच्या पडद्यावर गणकयंत्र आणि आवर्तसारणी दोन्ही मिळतात. आकडेमोड ही अडचण नाहीच. कशाने कशाला भागायचे हे ठरवणे हीच खरी परीक्षा आहे, आणि तयारी करायची ती त्याचीच.

अभ्यासाला बसण्यापूर्वी कोणत्या भागाला किती वजन आहे ते पाहावे. द्रव्याची रचना २० टक्के आणि द्रव्याच्या अवस्था १९ टक्के. म्हणजे अणुरचना, रासायनिक बंध, वायू, द्रावणे यांतच परीक्षेचा दोन पंचमांश भाग आला. अभिक्रियांचे प्रकार १२, समीकरणे व त्यांवरील गणिते १०, समतोल ७, ऊष्मागतिकी ५, अभिक्रियांचा वेग अवघा ४. आपल्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून शिकलेल्या विद्यार्थ्याला यातले बहुतेक ओळखीचे वाटेल. ज्या सेंद्रिय रसायनशास्त्रावर आपण रात्री जागवतो, ते मात्र येथे थोडेसेच आहे.

पुष्कळांचा अंदाज चुकतो तो उरलेल्या दोन भागांत. मूलद्रव्ये व संयुगे यांच्या गुणधर्मांना १४ टक्के आहेत. समतोल आणि वेग या दोहोंच्या बेरजेपेक्षाही जास्त. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया थेंबथेंब घातला तर आधी फिकट निळा साका येतो, आणखी घातला की तो विरघळून द्रावण गर्द निळे होते. सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचे पाणी घातले की पांढरा साका बसतो आणि उजेडात काळवंडतो. सोडियमची ज्योत पिवळी, पोटॅशियमची जांभळट. हे सारे तर्काने काढता येत नाही. पाहावे लागते, निदान पाहिलेल्याने लिहिलेले नीट वाचावे लागते.

आणि ९ टक्के प्रश्न प्रयोगांवर असतात. ब्यूरेटमधली पातळी कशी वाचावी, तीव्र आम्ल पाण्यात ओतावे की पाणी आम्लात, मोजमापात किती अंक अर्थपूर्ण धरावेत, अशा स्वरूपाचे हे ज्ञान. ज्याने ब्यूरेट कधी हातात धरली नाही, त्यालाही पाठांतराने यांतले काही गुण मिळतील. पण महाविद्यालये येथेच सावध असतात. काही ठिकाणी केवळ सिद्धान्ताचे श्रेयांक देतात आणि प्रयोगशाळेचे तास स्वतंत्रपणे पुरे करायला सांगतात. अमेरिकेतील काही वैद्यकीय महाविद्यालयांना तर परीक्षेने मिळवलेले रसायनशास्त्र प्रवेशाची अट म्हणून चालतच नाही. तुमच्या नात्यातले कोणी तिकडे शिकत असेल, तर त्याने परीक्षेचे शुल्क भरण्याआधी आपल्या महाविद्यालयाकडून हे लेखी विचारून घ्यावे. शिक्षकांनीही ध्यानात घ्यावे की, श्रेयांक मिळाले म्हणून पाया पक्का झाला असे नव्हे. पुढच्या वर्षीच्या वर्गात पहिल्या दिवसापासून मोल आणि समतोल येतात, असे गृहीत धरूनच शिकवले जाते.

परीक्षेपुरती एक गोष्ट सांगून टाकतो. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नये. नापास झाल्यास तीन महिन्यांनी पुन्हा बसता येते.

आता हाताला काम. व्हिनेगरच्या बाटलीवर ४ टक्के लिहिलेले असेल, तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ४ ग्रॅम ॲसिटिक आम्ल असते. त्याचा रेणुभार ६० आणि खाण्याच्या सोड्याचा ८४. रेणूस रेणू या प्रमाणात ते एकमेकांशी संयोग पावतात, म्हणून ५.६ ग्रॅम सोडा लागला पाहिजे. एका मोठ्या, उघड्या भांड्यात व्हिनेगर घ्या. झाकण मुळीच लावू नका, कारण कार्बन डायऑक्साइड वायू जोराने बाहेर पडतो. वजन केलेला सोडा चिमूट चिमूट घालत ढवळत राहा, आणि फसफसणे थांबले की उरलेला सोडा पुन्हा तोला. किती लागला? ५.६ ग्रॅम नेमके येणार नाहीत. फरक किती पडला आणि तो कोणत्या बाजूला, हे वहीत लिहा. मग फसफसणे थांबल्याचा क्षण तुम्ही कशावरून ठरवलात ते आठवा, आणि अनुमापनात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब का घालतात हे पुढच्या तासाला आपल्या सरांना किंवा बाईंना विचारा.