अर्ज, शेरा आणि जबाब : पाटोद्याच्या सरहद्दीवरील विनंतिपत्रें कशीं वाचावीं

१

जुन्या घराण्याचें दप्तर सोडून कागद निवडावयास बसलें म्हणजे संग्राहकाचा हात प्रथम सनदांकडे व शिक्क्यांच्या कागदांकडे जातो. महजर व निवाडपत्रें त्यांच्या मागून येतात. अर्जांच्या नकला, तक्रारींच्या यादी, स्मरणपत्रें व दोन ओळींच्या शेऱ्याचे चिटोरे हे सर्वांच्या शेवटीं एका फडक्यांत बांधून बाजूस ठेविले जातात. या शेवटच्या गाठोड्यासंबंधानें येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

सनद ही राज्यकर्त्याची वाणी होय. अर्ज ही रयतेची. सनदेवरून सरकारानें काय दिलें तें समजतें. पण लोकांस काय हवें होतें, काय टोंचत होतें, आणि सरकारापुढें कोणत्या शब्दांत उभें राहावें असें त्यांस वाटत होतें, हें अर्जावांचून समजावयाचें नाहीं. तथापि अर्ज हा एकटा पुरा पुरावा नव्हे. अर्ज, त्यावरील शेरा आणि त्यास गेलेला जबाब हीं तीन मिळून एक कागद होतो. या तिहींतील एकच हातीं असतां त्यावरून निर्णय करणें म्हणजे वादीचें बोलणें ऐकून उठून जाण्यासारखें आहे. पाटोद्यासारख्या सरहद्दीवरच्या मुलखांत तर हे तीन भाग तीन भाषांत व तीन दप्तरांत विखुरलेले असावयाचे. ते जुळविण्यास कोणत्या खुणा उपयोगी पडतात, एवढाच या लेखाचा विषय.

२

पाटोदा हें बीड जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण बालाघाटाच्या डोंगराळ मुलखांत आहे. मांजरा नदी याच तालुक्यांत उगम पावते. गांवाच्या नैर्ऋत्येस जामखेड, व दक्षिणेस, जेथें ११ मार्च १७९५ रोजीं मराठे व निजाम यांची लढाई झाली, तें खर्डा. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर जामखेडाकडील मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कंपनीच्या अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत मोडूं लागला. पाटोदा मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत राहिलें. मध्यंतरीं १८२२ च्या तहानें कंपनी व निजाम यांच्यामध्यें मुलखाची अदलाबदलहि झाली. ज्या वतनदाराचा हक्क सरहद्दीच्या दोहों बाजूंच्या गांवांवर असेल त्यास या फेरफारांनंतर दोन सरकारांपुढें हात जोडावे लागणार, हें उघड आहे. एकाच तक्रारीचे दोन मायन्यांचे दोन अर्ज अशा घराण्याच्या दप्तरांत निघाल्यास एक खरा व दुसरा बनावट असें समजण्याचें कारण नाहीं.

३

प्रथम कंपनीकडील बाजू पाहूं. ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं सातारा येथें एल्फिन्स्टन यानें जाहीरनामा काढिला. वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानांचे धर्मादाय चालू राहतील, असें त्यांत वचन होतें. पुढें पुष्कळ वर्षें इनामदार व वतनदार यांनीं सरकारास याच वचनाची आठवण द्यावी, हें ओघानेंच आलें. अर्जदार दयेबरोबर कराराचीहि मागणी करूं लागला, हा पेशवाईंतील विनंतिपत्रांपासून झालेला मोठा फरक होय.

अहमदनगरास पहिला इंग्रज अंमलदार कॅप्टन हेन्री पॉटिंजर हा होता. एल्फिन्स्टनाच्या पश्चात् दक्षिणचा कमिशनर चॅप्लिन झाला. कलेक्टरानें सर्व दर्जाच्या लोकांस भेट द्यावी व त्यांच्या तक्रारी तोंडी ऐकाव्या असा एल्फिन्स्टनाचा आग्रह असे. यावरून एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ज्या तक्रारी कलेक्टराच्या तंबूपुढें तोंडी निकालांत निघाल्या त्यांचा कागद उरला नाहीं. जो अर्ज आज हातीं येतो तो बहुधा तेथें न सुटलेल्या, किंवा दूर राहणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवाव्या लागलेल्या कज्ज्याचा असतो. एवढ्यावरून सर्वच रयत सदैव गांजलेली होती असें अनुमान काढूं नये, व अर्ज थोडे सांपडले म्हणून ती सुखी होती असेंहि म्हणूं नये.

१८२७ सालीं मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करून जारी झाले. कज्जे अदालतींत जाऊं लागले व अर्जाची भाषाहि कायद्याच्या वळणावर गेली. पुढें १८४३ पासून दक्षिण महाराष्ट्रांत इनामांची चौकशी सुरू झाली, आणि १८५२ च्या अकराव्या कायद्यानें तिला पक्कें रूप आलें. तेव्हां पुरावा म्हणून जुने अर्ज व त्यांवरील हुकूम शोधून त्यांच्या नकला करण्याची गरज पडली. यास्तव १८२० च्या सुमाराची तारीख असलेला कागद प्रत्यक्षांत तीस वर्षांनंतर उतरलेला असूं शकतो. मजकूर जुना व कागद नवा असें दिसलें म्हणजे लगेच खोटेपणाचा आरोप करूं नये. नक्कल केव्हां व कशासाठीं झाली याचा शोध करावा.

४

निजामाकडील रीत निराळी. गांव व परगणा येथील हिशेब मोडींत चालत; पण वरच्या दरबाराची भाषा १८८४ पर्यंत फारसी होती, व त्या सालापासून उर्दू झाली. पाटोद्याच्या कुणब्याची कैफियत हैदराबादेस पोंचावयाची तर ती मराठींत सांगितली जाऊन फारसींत लिहिली जाणार. घरच्या दप्तरांत मोडी मसुदा राहिला तर राहिला. फारसी अर्जदाश्त दरबारांत गेली. मसुदा व अर्जदाश्त यांत जें अंतर पडलें त्यास अर्जदार जबाबदार नव्हे, मुनशी जबाबदार.

राजा चंदुलाल १८०६ पासून पेशकार होता व १८४३ पर्यंत राज्याचा कारभार बहुतांशीं त्याच्या हातीं राहिला. मुलूख इजाऱ्यानें देण्याचा प्रघात असल्यामुळें, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच मार्फत ती वर जाण्याचा प्रसंग येई. चार्लस मेटकाफ हा १८२० ते १८२५ पर्यंत हैदराबादेस रेसिडेंट होता. त्यानें गांवोगांव ठरावीक सारा बांधून देऊन त्यावर देखरेखीस इंग्रज अंमलदार नेमिले. ठरावापेक्षां अधिक घेतल्यास रयतेनें या अंमलदारांकडे जावें, अशी सोय झाली. म्हणजे निजामाच्या रयतेस निजामाच्या राज्यांतच तक्रारीची दुसरी वाट मिळाली. १८२९ सालीं नासिरुद्दौला गादीवर आल्यावर त्याच्या मागणीवरून ही देखरेख उठविण्यांत आली व ती वाट बंद झाली. मराठवाड्यांतील कोणत्याहि अर्जाचें साल या मर्यादेच्या आंतलें कीं बाहेरचें, हें आधीं पाहावें; त्यावांचून तो अमक्याच्या नांवानें कां लिहिला याचा उलगडा होणार नाहीं.

अर्ज हाच तक्रारीचा एकमेव मार्ग नव्हता, हेंहि विसरूं नये. १८१८ सालींच बीड प्रांतांत धर्माजी प्रतापराव यानें बंड उभारलें व तें इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालील फौजेनें मोडलें. बंडाची हकीकत इतिहासांत येते. त्याच डोंगरांत राहून ज्यांनीं शस्त्र न उचलतां कागद लिहविले त्यांची हकीकत मात्र त्या कागदांवांचून अन्यत्र मिळावयाची नाहीं.

५

आतां परीक्षेच्या खुणा.

पहिली खूण मायना. अर्ज खालून वर जातो. म्हणून त्यांत ‘सेवेसी’, ‘विनंति’, ‘विज्ञापना’ हे शब्द येतात. हुकूम वरून खालीं येतो. त्याची अखेर ‘जाणिजे’ यानें होते. फाटलेल्या कागदाचा मधला तुकडा असला तरी या एका शब्दानें तो अर्ज कीं हुकूम हें बहुधा ठरतें.

दुसरी खूण काल. मृगापासून सुरू होणारें १८१८-१९ हें एकच वर्ष सुहूर गणनेनें १२१९, म्हणजे ‘तिसा अशर मयातैन व अलफ’, दक्षिणेंतील फसलीनें १२२८, आणि शककालानें स्थूलमानें १७४० असें लिहिलें जाई. सुहूर सनांत ५९९ किंवा ६००, फसलींत ५९० किंवा ५९१, व शकांत ७८ किंवा ७९ मिळविले असतां इसवी सन निघतो. सुहूर सन व ‘छ’ घालून दिलेला चंद्र पेशवाईच्या वळणाचा. इंग्रजी महिना व इसवी सन कंपनीच्या कचेरीचा. फसली व हिजरी निजामाकडील. जुने कारकून नव्या अंमलांतहि जुनी गणना चालवीत, हा अपवाद मनांत बाळगावा. नुसता ‘सन १२२८’ असा आंकडा पाहून तो सुहूर धरला तर नऊ वर्षांची चूक पडते, व तेवढ्यानें अर्ज भलत्याच अंमलदाराच्या पदरांत जातो.

तिसरी खूण हात. ‘बिकलम’ हा शब्द आला म्हणजे लिहिणारा निराळा, हें सिद्ध झालें. खालीं निशाणी असेल : कुणब्याचा नांगर, सुताराचें किंकरें, न्हाव्याचा आरसा, स्त्रीची बांगडी. ही निशाणीच काय ती अर्जदाराच्या स्वतःच्या इच्छेची खूण. नक्कल उतरतांना ती सोडूं नये. तिचें नांव कंसांत लिहून तिची जागाहि दाखवावी.

चौथी खूण कागद. दौलताबादी व जुन्नरी हातकागद एकीकडे, विलायती कागद दुसरीकडे. विलायती कागद उजेडासमोर धरिला असतां आंतील पाणछाप दिसते, व तींत कित्येकदां साल असतें. त्या सालाच्या आधीं तो कागद लिहिला गेला असणें अशक्य.

पांचवी, आणि सर्वांत उपेक्षित खूण शेरा. पेशवाईंत कलमवार यादी हुजूर जाई व प्रत्येक कलमाखालीं मखलाशी होई. कंपनीच्या कचेरींतील शेरा हा तिचाच वंशज. शेरा निराळ्या हाताचा, निराळ्या शाईचा, व पुष्कळदां पाठीमागें असतो. कागद चिकटवून जतन करतांना पाठ झांकली कीं सरकारानें काय केलें तें कायमचें बुडालें.

६

अर्जांतील मजकुरावर किती विश्वास ठेवावा? गांव ओस पडला, पोरेंबाळें उपाशी आहेत, मायबाप सरकाराशिवाय त्राता नाहीं, हीं वाक्यें ठराविक होत. त्यांच्या खरेपणाचा ताळा गांवच्या लावणीशीं व वसुलाशीं घालावा. परंतु ठराविक म्हणून तीं पोकळ ठरत नाहींत. गांव ओस पडला म्हणजे सारा बुडाला, हें लिहिणाऱ्या कारकुनास पक्कें ठाऊक होतें. सरकारचा कान कोठें आहे याची प्रजेस असलेली अटकळ त्या वाक्यांत उतरली आहे, व तीहि इतिहासाचीच सामग्री होय.

हा प्रकार आपल्याच देशापुरता नाहीं. वर आलेला पॉटिंजर हा मूळचा आयर्लंडांतील डाउन परगण्याचा. त्याच्या जन्मभूमींत १ जानेवारी १८०१ पासून स्वतंत्र पार्लमेंट राहिलें नव्हतें. तेव्हां लोक डब्लिनच्या किल्ल्यांत लॉर्ड लेफ्टनंट व त्याचा चीफ सेक्रेटरी यांस अर्ज करीत. कैद्याची सुटका, नोकरी, दुष्काळांत मदत, हेच विषय. तेथेंहि आयरिश बोलणाऱ्या गरिबाची कैफियत दुसऱ्याच्या हातून इंग्रजींत उतरे. चीफ सेक्रेटरीच्या कचेरींतील नोंदलेल्या कागदांची मालिका १८१८ पासून, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच सालापासून, लागते. तेथें प्रत्येक कागदास क्रमांक पडला. ३० जून १९२२ रोजीं यादवी युद्धांत डब्लिनचा सार्वजनिक दप्तरखाना जळाला. किल्ल्यांतील हे कागद वेगळ्या जागीं असल्यामुळें वांचले, आणि आज त्या काळच्या सामान्य आयरिश मनुष्याची हकीकत सांगण्यास त्यांचाच मोठा आधार आहे. जे अर्ज करण्यापुरतेच सरकारापुढें आले, त्यांचें दुसरें स्मारक उरलें नाहीं.

७

आपल्याकडे दप्तर जळालें नाहीं, पण विभागलें गेलें आहे. कंपनीच्या बाजूचे कागद पुण्याचें पेशवे दप्तर व मुंबईचें राज्य अभिलेखागार यांत, रेसिडेन्सीचे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत, निजाम दरबारचे हैदराबादच्या अभिलेखागारांत, आणि मोडी मसुदे पाटोदा, आष्टी, जामखेड अशा ठिकाणच्या घरांत. सरकारी दप्तरांतील तीन भागांस राखणदार आहे, चौथ्यास नाहीं. वाळवी लागते, घर पडतें, रद्दी विकली जाते, आणि हैदराबादेंतील फारसी अर्जदाश्तीचा मराठी जोडीदार नाहींसा होतो.

यास्तव संग्राहकांस एवढीच विनंति. गाठोडें सोडतांना कागद ज्या क्रमानें निघाले तो क्रम आधीं टिपावा. अर्ज व शेरा निराळे करूं नयेत. शिक्का नाहीं म्हणून कागद टाकूं नये. यादी करतांना कोणी, कोणास, कोणत्या गणनेच्या सालीं, कोणाच्या हातून, कोणत्या निशाणीनें, व पाठीवर काय, हीं सहा सदरें ठेवावीं. या सहा सदरांवरून निरनिराळ्या दप्तरांतील जोड्या पुढच्या अभ्यासकास जुळवितां येतील. ज्यांनीं नांगराची किंवा बांगडीची निशाणी करून सरकारापुढें आपलें म्हणणें मांडलें, त्यांच्यापैकीं पुष्कळांस त्या वेळीं जबाब मिळाला नसेल; निदान त्यांचा अर्ज वाचला जावा, एवढें आपल्या हातीं आहे.